फिनेलमावशीचा न धुतलेला खोका

फिनेलमावशीची निम्मी खोली पुसून झाली होती. खिडकीपासून टेबलापर्यंतची फरशी ओली, चकचकीत. टेबलापासून दारापर्यंतची अजून कोरडी. पोछा पिळायला ती बादलीवर वाकली, आणि तेवढ्यात टेबलावरून आवाज आला. ठप-ठप-ठप. जरा थांबून पुन्हा ठप-ठप-ठप. कुणीतरी बोटांनी डबा वाजवत बसल्यासारखा.

टेबलावर काचेची टाकी होती आणि टाकीत दोन जर्बिल. जर्बिल म्हणजे वाळवंटातला उंदीर. मुठीएवढा, वाळूच्या रंगाचा, मागचे पाय लांब आणि शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका. हे दोघे एका आईचे, सख्खे भाऊ. जर्बिल घाबरला की मागचा पाय असा आपटतो, एवढं मावशीला तीन आठवड्यांत कळलं होतं. पण आज दोघेही आपटत होते, आणि समोरासमोर. मावशी बघेपर्यंत दोघांचा एकच गोळा झाला. पाय कुणाचा, शेपूट कुणाची, काही कळेना. काचेवर लाल ठिपका उडाला.

तीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई रक्त बघून किंचाळत नाही. तिने टाकीत हात घातला नाही, कारण त्या वेळी जो हात मध्ये जाईल त्यालाच चावा बसेल हे तिला दिसत होतं. कोपऱ्यातली पत्र्याची सुपली उचलली, गोळ्याच्या मधोमध घातली, एकाला तिच्यावर झेलला आणि कोरड्या स्टीलच्या बादलीत सोडला. बादलीतल्याच्या पाठीला, शेपटीच्या जरा वर, दाताची खूण होती.

"अरे मेल्यांनो," ती म्हणाली, "भाऊ ना तुम्ही? मग मी त्याला काय सांगू?"

त्याला म्हणजे तिच्या धाकट्या भावाला.

ही मावशी म्हणजे शहरातल्या एका मोठ्या इस्पितळातल्या सफाईच्या बायकांची मुकादम. आता निवृत्त. तिच्या हाताखाली चाळीस बायका होत्या आणि चौघी-पाचजणी सोडल्या तर बाकी सगळ्या तिला घाबरून होत्या. कॉटच्या खालून हात फिरवून ती बोट नाकाशी धरायची, आणि नाक मुरडलं की त्या बाईचा दिवस गेला म्हणून समजा. डॉक्टरसुद्धा तिने पुसलेल्या फरशीवरून चालताना पाय उचलून टाकायचे. फिनेलमावशी हे नाव तिथलंच, आणि तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. सकाळी देवापुढे हात जोडायच्या आधी ती देवाची फळी पुसायची. मग म्हणायची, "आता ये, बस."

धाकटा भाऊ अगदी उलटा. तो घड्याळं दुरुस्त करायचा. लग्न केलं नाही, एका खोलीत दुकान आणि त्याच खोलीत संसार. टेबलावर स्क्रू, स्प्रिंगा, चहाचे कप, अर्धा खाल्लेला पाव, आणि मधोमध ही टाकी. जर्बिलांची नावं त्याने तास आणि मिनिट ठेवली होती. तास जाडा आणि संथ, मिनिट सडसडीत; तासाचं जेवण होईतो मिनिटाच्या चार फेऱ्या होऊन जात. ताई आली की ती नाकाला रुमाल लावून उभ्या उभ्या बोलायची. तो म्हणायचा, "ताई, बस ना." ती म्हणायची, "कुठे बसू? दाखव जागा."

महिन्याभरापूर्वी तो टेबलाशी खुर्चीतच कलंडला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला, आणि जीभ अशी जड झाली की एका वेळी एकच शब्द निघे. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द निघाला तो "दोघं". ताईला वाटलं, आई-वडिलांची आठवण काढतोय. डोळे पुसून तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो चिडला. "दोघं! टाकी!"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती गेली आणि टाकी घरी घेऊन आली. आणि आणल्या आणल्या तिने जे केलं, ते तिच्याशिवाय जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं.

टाकीत वीतभर उंच थर होता. कुरतडलेला कागद, गवत, पुठ्ठ्याचे तुकडे, बियांची टरफलं, आणि त्यातून आरपार गेलेली बिळं. मावशीने ते सगळं पिशवीत कोंबून कचऱ्यात टाकलं. टाकी फिनेलने तीनदा धुतली, उन्हात वाळवली, तळाशी पांढरीशुभ्र चादर चौघडी करून घातली. वर दोघांना ओल्या फडक्याने पुसून घेतलं, कानामागेसुद्धा. मग रोज सकाळी हेच. चादर बदल, काच पूस, उंदीर पूस. इस्पितळातल्या कॉटसारखी टाकी दिसू लागली. भाऊ बरा होईपर्यंत त्याच्या जिवांना निदान माणसांसारखं राहायला मिळेल, याचं तिला मनातून समाधान होतं.

एकच वस्तू धुवायची राहिली. घड्याळांचा एक जुना लाकडी खोका. भावाने त्याला गोल भोक पाडून दोघांना झोपायला दिला होता. त्याच्या आत कुरतडलेल्या कागदाचं घरटं असं घट्ट बसलं होतं की ते निघेना. "रविवारी भिजत घालते," म्हणून तिने तो गॅलरीत ठेवला. मग एक रविवार इस्पितळात गेला, दुसरा रविवार गेला, आणि खोका तसाच राहिला.

तिसऱ्या दिवसापासून दोघे काचेचा कोपरा उकरू लागले. दिवसभर, न थांबता, पुढच्या पायांनी खर-खर-खर. सून म्हणाली, "आई, त्यांना बाहेर पडायचंय." मावशी म्हणाली, "बाहेर काय आहे? धूळ!" आणि आज हे रक्त.

बादलीवर जाळीचं झाकण ठेवून ती प्राण्यांच्या दवाखान्यात पोचली तेव्हा समोर तीन कुत्री आणि एक रागावलेलं मांजर होतं. मिनिट बादलीत पाय आपटत होता. नंबर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्याला ओंजळीत घेतलं. शेपटीला बोटसुद्धा लावलं नाही. "शेपटीने कधी उचलू नका, मावशी. कातडी सोलून हातात येते." जखम साध्या मिठाच्या पाण्याने धुतली. "फार खोल नाही. आठवड्यात भरेल. भांडले कशावरून?"

"ते मला काय विचारता? त्यांना विचारा. इतकं स्वच्छ ठेवते मी."

"किती स्वच्छ?"

मावशीने सांगितलं. सांगताना जरा मान ताठ झाली होती. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"रोज? फिनेलने? आणि त्यांनाही पुसता?"

"कानामागे सुद्धा."

"मावशी, हे एकमेकांना डोळ्यांनी ओळखत नाहीत. हे वासावर जगतात. पोटाशी एक ग्रंथी असते, ती जमिनीला घासत हिंडतात. घराला वास लागतो, एकाचा दुसऱ्याला लागतो. त्या वासावरून कळतं की हा आपला. तुम्ही तो रोज पुसून काढलात. रोज सकाळी उठून एका अनोळखी घरात, एका अनोळखी उंदराशी गाठ. ते तरी काय करणार?"

मावशीचा चेहरा असा झाला, जसा एखाद्या बाईने तिला कॉटखालची धूळ दाखवल्यावर झाला असता. म्हणजे तसं तीस वर्षांत कधी झालं नव्हतं, म्हणून नेमका कसा ते सांगता येत नाही.

"म्हणजे माझ्या स्वच्छतेने भांडले?"

"हो."

"मी माझ्या हयातीत असलं ऐकलं नाही."

"आता ऐकलंत," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, आणि मग सगळं नीट सांगितलं. टाकीच्या मधोमध दुहेरी जाळी बसवायची, दात पलीकडे पोचता कामा नये. दोन्ही बाजूंना वीतभर कोरडं गवत आणि कोरा फाडलेला कागद, म्हणजे बीळ खणता येईल. काच उकरत होते ते त्याचसाठी, खणायला काही नव्हतं. पाण्याने आंघोळ नाही. बशीत बारीक वाळू द्यायची, ते आपले लोळून साफ होतात. दिवसातून दोन-तीनदा जागा बदलायची, याला तिकडे, त्याला इकडे, म्हणजे एकाच्या वासात दुसरा झोपेल. आणि धुवायचं काही नाही.

"किती दिवस?"

"आठ. दहा. जाळीच्या दोन्ही बाजूंना दोघे टेकून झोपायला लागले की मग बघू. तरी जमेलच असं नाही. एकदा फाटलं की काही भाऊ पुन्हा एकत्र येत नाहीत. मग दोघांना आयुष्यभर वेगळं ठेवावं लागतं." पिशवी आवरत असलेल्या मावशीला त्यांनी मागून विचारलं, "त्यांच्या जुन्या घरट्यातलं काही उरलंय का? न धुतलेलं?"

मावशी दारात थबकली. गॅलरीतला खोका तिच्या डोळ्यांपुढे आला.

संध्याकाळी ती भावाला भेटायला गेली. तो खुर्चीत बसून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं उघडत होता, एकेक करून. दहा दिवसांनी त्याला सोडणार होते, आणि तो तिच्याच घरी येणार होता. त्याच्या खोलीचे दोन जिने आता त्याला चढवत नव्हते. दुकान संपलं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. ताई दिसली की तो रोज जो शब्द म्हणायचा तो म्हणाला.

"दोघं?"

"आहेत."

त्याने मान हलवली. मग जोर लावून दुसरा शब्द काढला. "एकत्र?"

देवापुढे उभं राहून खोटं न बोलणारी बाई भावापुढे तरी कशी बोलेल? तिने त्याची बोटं हातात घेतली. "दहा दिवसांनी ये आणि आपल्या डोळ्यांनी बघ," ती म्हणाली. त्याला कळलं की नाही कुणास ठाऊक, पण त्याने पुन्हा बोटं उघडायला घेतली.

घरी आल्यावर मावशीने भावाच्या हत्यारांची पेटी काढली. त्याच्याच पकडीने जाळी कापली, दोन थर करून लाकडी पट्टीवर ठोकली. सुनेने दुकानातून कोऱ्या कागदाचा गठ्ठा आणला आणि दोघी फाडत बसल्या. सून औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि तोंडाने तिखट.

"आई, एक विचारू? आमच्या खोलीतली चादर, कपाट, उशा तुम्ही रोज अशाच धुता. आम्ही दोघं भांडतो ते त्यामुळेच की काय?"

"तुम्ही भांडता ते तुझ्या जिभेमुळे. कागद फाड."

मावशीने खोक्यातलं घरटं चिमट्याने निम्मं सोडवून मिनिटाच्या बाजूला ठेवलं आणि निम्मं खोक्यासकट तासाच्या बाजूला. खोका उघडताच असा वास आला की तिची बोटं आपोआप बाटलीकडे गेली. तिने फिनेलची बाटली उचलली, सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुझ्या कपाटात ठेव. किल्ली मला देऊ नकोस. मी मागितली तरी."

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दोघे वीतभर खोल बिळं खणून त्यात गडप झाले आणि खर-खर थांबली. पण सकाळी काचेवर डाग दिसे, टरफलं दिसत, आणि हात शिवशिवत. मग ती जिना पुसायची. तिच्या मजल्यापासून खालपर्यंत, एकदा, दोनदा. इमारतीचा जिना ती वर्षानुवर्षं आपणहून पुसत आली होती. त्या आठवड्यात तो आरशासारखा झाला.

त्याच जिन्यावर सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. हातात कागद.

"मावशी, तक्रार आली आहे. तुम्ही घरात उंदीर ठेवलेत म्हणे."

"दोन. कोण म्हणतं?"

"ते महत्त्वाचं नाही. वास येतो म्हणतात. रविवारच्या सभेआधी बाहेर काढा. पाळायला कुत्रा, मांजर, पक्षी चालतात, एवढंच नियमात आहे."

"उंदीर नको असं नियमात आहे?"

"तसं लिहिलेलं नाही, पण..."

"मग लिहा."

"लिहू ना! रविवारी लिहू."

"लिहा. खाली माझी सही नसेल." मावशीने पोछा बादलीत टाकला. "आणि वास म्हणता ना? चला वर. तीस वर्षं वासाची नोकरी केली आहे मी. तुम्ही टाकीला नाक लावा, मी तुमच्या दाराबाहेरच्या चपलांच्या फळीला लावते. बघू कोण आधी मागे होतं."

सेक्रेटरी वर गेले नाहीत. कागद तिच्या हातात देऊन खाली उतरले. चार पायऱ्या उतरल्यावर मावशी वरून म्हणाली, "आणि हो, उद्यापासून जिना तुमच्याकडे. नियमात नाही तो मी पुसायचा म्हणून."

त्या रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, कशाला वैर घेतेस? मामा आला की समजावू त्याला. उंदीरच आहेत."

"त्याचं दुकान गेलं," मावशी म्हणाली. "खोली गेली. हात गेला. बोलणंही निम्मं गेलं. आता उरलं काय त्याचं, तर ते दोघे. तेही मी आवरून टाकू? आयुष्यभर आवरतच आले, म्हणून तर ते दोघे एकमेकांना चावले." सुनेने तिच्या ताटात न विचारता वाढलं.

पाचव्या दिवशी तास जाळीला नाक लावून बसला होता. मिनिट पलीकडून आला, छाती फुगवली, पाय आपटला आणि निघून गेला. सातव्या दिवशी पाय आपटला नाही. नवव्या दिवशी मावशी सकाळी उठून बघते तर जाळीच्या अलीकडे एक पाठ, पलीकडे एक पाठ, आणि दोन्ही एकाच जागी टेकलेल्या.

तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी भाऊ येणार होता.

दुपारी सभा झाली. मावशी गेली नाही. संध्याकाळी पाचला सेक्रेटरी आणि समितीतले दोन गृहस्थ दाराशी आले. जिना चार दिवस कुणी पुसला नव्हता आणि सेक्रेटरींच्या बुटाला काहीतरी चिकटलं होतं. आत मावशी हातात जाड हातमोजे घालून टाकीपुढे उभी होती, शेजारी सून सुपली घेऊन.

"मावशी, सभेत असं ठरलं..."

"बूट बाहेर. आणि आवाज नको."

"आम्ही निर्णय कळवायला..."

"नंतर कळवा. आत्ता माझ्या भावाचा निर्णय लागतोय. उभं राहायचं तर गप्प उभं राहा, नाहीतर खाली जा."

तिघे बूट काढून आत उभे राहिले. मावशीने डोळे मिटून क्षणभर हात जोडले, हातमोज्यांसकट. मग जाळी सरळ वर ओढून काढली.

मिनिट गवतातून बाहेर आला. तास जागचा हलला नाही. मिनिट दोन पावलं पुढे, एक मागे. नाकाला नाक. मिनिटाने तोंड वळवून तासाची मान हुंगली आणि अंग ताठ केलं. सुनेने सुपली उचलली. मावशीने तिचं मनगट धरलं. "थांब."

तासाने मान खाली घातली. अगदी खाली, गवताला टेकेपर्यंत. मिनिट त्याच्या डोक्यावर चढला, उतरला, पुन्हा हुंगलं, आणि मग त्याच्या कानामागचे केस दातांनी विंचरू लागला. बारीक बारीक, घाईघाईने.

"म्हणजे चावतोय?" सेक्रेटरींनी कुजबुजत विचारलं.

"पुसतोय," मावशी म्हणाली. "कानामागे. मला जमलं नाही ते."

थोड्या वेळाने दोघे एकामागून एक खोक्याच्या भोकात शिरले. आधी तास, तो अडकला, मग मिनिटाने मागून ढकललं. एक गृहस्थ हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी कागद पुढे केला. "पंधरा दिवसांची मुदत आहे."

"ठेवा तिथे टेबलावर. कोरा भाग असेल तर यांना फाडायला होईल." हातमोजे काढत ती म्हणाली, "छापलेला भाग तुम्ही परत न्या, शाई त्यांना चालत नाही. आणि पंधरा दिवसांनी या. मी इथेच आहे, हेही इथेच आहेत."

"वास येतोच आहे पण," सेक्रेटरी दाराशी जाताना म्हणाले.

"येतो," मावशी म्हणाली. "येणारच. घर आहे त्यांचं."

सोमवारी भाऊ आला. मुलाने त्याला धरून वर आणला, प्रत्येक पायरीवर थांबत. टाकीसमोरच्या खुर्चीत बसवला. त्याने काही विचारलं नाही. नुसता बघत राहिला. खोक्याच्या भोकातून एक नाक बाहेर आलं, मग त्याच्या खालून दुसरं. भावाने उजवा हात डाव्याने उचलून काचेच्या काठावर ठेवला. बोटं किंचित उघडली. मग त्याच्या नाकपुड्या हलल्या. त्याने चकित होऊन बहिणीकडे बघितलं.

"वास," तो म्हणाला. जोर लावून पुढचा शब्द काढला. "तुझ्या... घरात!"

"येऊ दे," ताई म्हणाली.

तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा, आणि तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसला. त्याने टाकीतल्या भुग्याकडे बोट दाखवलं. आत ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या शेवटच्या नळीचा दोघांनी रात्रीत भुगा केला होता, आणि जर्बिलाला कुरतडायला काही नसलं तर दात वाढत जातात.

"कळलं, कळलं," मावशी म्हणाली. निम्मी फरशी पुसायची राहिली होती, ती तशीच ओलांडून तिने पिशवी घेतली, आणि कापडाच्या दुकानातून तागे गुंडाळायच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागून आणायला ती जिना उतरू लागली.